परत न सोडायचा मासा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर आफ्रिकन मांगूर धरायचा तर अंधार पडू द्यावा लागतो. हा मासा डोळ्यांपेक्षा मिशांच्या भरवशावर जगतो. चार जोड्या मिशांनी गाळ चाचपत, वासाच्या मागावर तो येतो. म्हणून आमिषाला कोंबडीचं आतडं, जड शिसं, आणि गळ थेट तळाशी. काठीचं टोक हललं म्हणून लगेच हिसका देऊ नये. दोरी सलग सुटू लागली की मगच काठी उचलायची. मीटरभराहून लांब वाढणारा मासा आहे. दगडांत शिरला तर दोरी गेलीच.

काठावर आणल्यावरही तो तग धरतो. कल्ल्यांच्या वर त्याला फांद्याफांद्यांचा एक अवयव असतो, त्यातून तो थेट हवा घेतो. या चिवटपणामुळेच तो पाळणाऱ्यांना सोयीचा वाटला. घाण पाण्यात, कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर तो झपाट्यानं वाढतो. केंद्र सरकारनं 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून पालन चालूच राहिलं आणि तळ्यांतून निसटलेले मासे नद्यांत पोचले. तिथे तो लहान मासे, अंडी, बेडूक, मिळेल ते खातो.

धरलेला मासा धडधाकट परत सोडणं हा गळ टाकण्याच्या कलेतला मला सर्वांत प्रिय भाग. महसीर मिळाला तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडतो. मांगूर सोडत नाही. डोक्यावर एकच नेमका घाव घालतो, कारण त्याला तडफडत ठेवणं मला मान्य नाही. इथे तो स्वतःहून आलेला नाही. घावाआधी ओळख मात्र पक्की हवी. आपला देशी मागूर दिसायला त्याच्या जवळचा, आकारानं बराच लहान. शंका आली तर मी जाणत्या भोयाला दाखवतो.

असाच दुसरा परका मासा म्हणजे सकर. तो गळाला क्वचितच लागतो, कारण तो शेवाळ खरवडून खातो. तो अडकतो जाळ्यात. अंगावर हाडांचं कवच, परांना काटे. त्याला सोडवताना जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा घरच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ साफ करायला बोटाएवढा आणला जातो, फूटभर झाला की कुणीतरी दया येऊन नदीत सोडतं. ती दया भोयांच्या जाळ्यांवर येते.

गळानं हे मासे संपणार नाहीत. तेव्हा एवढं करा: टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका.