कांदा आणा रे!

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर कुणी धाडकन पडलं, हातपाय झटकू लागलं, तोंडाला फेस आला, की रिक्षाआधी आणि नातेवाइकांआधी तिथे पोहोचतो तो कांदा. ‘फीट आली, कांदा आणा रे!’ अशी आरोळी होते आणि शेजारच्या भेळेच्या गाडीवरून स्वारी निघते. जिल्हा त्याचाच. लासलगाव-पिंपळगावला त्याचा भाव पडला की रस्ते अडतात, चढला की दिल्ली हलते. मग रुग्णाच्या उशाशीही पहिला मान आपलाच, असं त्याला वाटलं तर नवल काय?

स्वभावानं उतावळा. एका बुक्कीत फुटतो आणि थेट दुसऱ्याच्या नाकात स्वतःला खुपसतो. त्याच्या टोळीत चामडी चप्पल आहे, मुठीत कोंबायचा किल्ल्यांचा जुडगा आहे आणि दातांत घालायचा चमचाही. यातला खरा वाईट चमचा. तो दात पाडतो, कधी जीभही फाडतो. कांदा त्या मानानं निरुपद्रवी, म्हणून तर इतकी वर्षं टिकला. तरी त्याच्या नादात माणसाला कुशीवर वळवायचं राहून जातं, घड्याळ बघायचं राहून जातं.

त्याच्या कीर्तीचं गुपित वेळेत आहे. मेंदूतल्या पेशींचे विजेचे संदेश एकाएकी बेताल झाले की झटका येतो, आणि मोठे झटके बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपले आपण थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाशी धरेपर्यंत तेवढाच वेळ जातो. माणूस डोळे उघडतो, गर्दी मान डोलावते, श्रेय कांद्याला. पाच मिनिटं झाली तरी झटका थांबला नाही, तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. तिथे कांदा येत नाही. १९९९ साली कायद्यानं लग्नाच्या आड येणारी अपस्माराची, म्हणजे फीट येण्याच्या आजाराची, अट काढून टाकली. कांद्याची डॉक्टरकी काढून घ्यायला अजून कुणी धजावलेलं नाही.

पण त्याचं खरं अज्ञान उघडं पडतं ते बाळंतिणीच्या खोलीत. तिथेही झटके येतात. माणसाला आयुष्यात ज्या काळांत झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यांतला एक म्हणजे जन्मानंतरचे हे पहिले काही दिवस. तरी कांद्याला कुणी हाक मारत नाही, कारण काही धाडकन पडतच नाही. नवजात मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण अजून पुरतं तयार नसतं. त्यामुळे मोठ्या माणसासारखा सर्वांगाचा झटका सहसा उठत नाही. बाळ नुसतं चुटचुट ओठ हलवतं. सायकल चालवल्यासारखे पाय मारतं. नजर एका बाजूला खिळते, पापण्या फडफडतात, कधी श्वासच अडतो आणि ओठ निळे पडतात. आजी म्हणते, सटवाई खेळवतेय. पुष्कळदा आजीचं बरोबरही असतं, झोपेत बाळं हसतात, दचकतात. पण पाटा-वरवंटा पुजायचा तो पाचवा दिवस डॉक्टरांच्याही वहीत आहे: ‘पाचव्या दिवसाचे झटके’ असा एक प्रकार त्यांनी नोंदलेला आहे. तो बहुधा आपोआप ओसरतो. मात्र तो तोच आहे हे ठरवायचं काम आजीचं नव्हे.

घरात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. थरथरणारा हात किंवा पाय हलकेच धरायचा. नुसती थरथर असेल तर थांबते. झटका असेल तर आपल्या मुठीतही ठोके देत राहतो. मात्र हात थांबला म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तातली साखर उतरली तरी बाळ थरथरतं आणि त्याच कारणानं झटकेही येतात. पहिला चीक न पाजता मध चाटवत बसलेल्या घरांनी हे विशेष ऐकावं.

कारणं आणखीही आहेत: जन्मताना मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, कॅल्शियमची कमतरता, मेंदूज्वर, मेंदूतला रक्तस्राव. साखर टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबात कळते आणि शिरेतून साखरेचं पाणी दिलं की लवकर सावरते. म्हणून आधी कारण शोधायचं. झटक्यांवर पहिलं औषध फेनोबार्बिटोन; ते १९१२ पासून वापरात आहे आणि आजही त्याची जागा गेलेली नाही. त्यातही एक मेख आहे. औषधानं हातपाय शांत होतात, पण मेंदूतला विजेचा गोंधळ कधी कधी चालूच राहतो. तो दिसतो फक्त ईईजीच्या आलेखावर. नवजात बाळांचे कितीतरी झटके बाहेर अजिबात न दिसता होऊन जातात, हे त्या यंत्रानंच दाखवलं. झटके आलेल्या प्रत्येक बाळाला पुढे अपस्मार जडतोच असंही नाही, तेव्हा कपाळावर शिक्का मारायची घाई नको.

कांदा भाकरीशी झकास लागतो, विशेषतः साठवणीच्या चाळीतला उन्हाळ; त्याला तिथेच राहू द्या. बाळाच्या बाबतीत शंका आली तर पाच मिनिटंही थांबू नका. मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो झटका थांबलेला असतो आणि मग तेच उपयोगी पडतं. दुसऱ्यानं रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. बाळाच्या तोंडात काही घालू नका, कुशीवर ठेवा. नाशकात त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे. रात्री दोन वाजतासुद्धा तिथे जायला संकोच करू नका.