माळाचे सोयरे

आमच्या कर्जत तालुक्यात हरणं बघायला कुणी जात नसे, हाकलायला जावं लागे. दिवाळी सरली की रब्बी ज्वारी गुडघ्याला लागते आणि त्या कोवळ्या पिकावर माळावरचा कळप रात्री उतरतो. माझे वडील, अण्णा, शेताच्या कडेने करडई पेरायचे. काटे टोचले की जनावर मागे फिरतं, हा त्यामागचा हिशेब. तरीही हरणं उड्या मारून आत यायचीच. मग माळ्यावर बसून डबा बडवायचा आणि गोफण फिरवायची. गोफणीच्या सुट्या टोकाला वाकाचा झुबका असे. हात झटकला की तो हवेत फटकन वाजायचा, आणि बहुतेक वेळा त्या आवाजानेच काम होई, दगड कुणाला लागत नसे. एखादी मादी जागच्या जागी उंच उसळायची, तिच्यामागे सगळा कळप उसळायचा आणि पिळाच्या शिंगांचा काळा नर सगळ्यात शेवटी बांध ओलांडायचा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला होता. तरी अण्णा रात्री दगडी डोणीत दोन कळशा पाणी ओतून ठेवायचे. सकाळी डोणीभोवतीच्या धुळीत बारीक दुभंगलेले खूर उमटलेले असत. कालपर्यंत ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी पाणी कशाला, असं आईने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘पीक नाही, तर भांडण कसलं?’

१९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले माळ माळढोकाचं अभयारण्य म्हणून जाहीर झाले, त्यात आमचा तालुकाही आला. पुढच्याच वर्षी रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं. ते अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं, एका दमात पायी फिरून होईल एवढं. पण गावात चर्चा व्हायची, की सरकारला या पडीकात काय दिसलं? ना झाड, ना डोंगर, ना पाणी. कुसळं, खडे आणि मधूनच एखादा हिवर. सातबाऱ्यावर ज्याची नोंद पोटखराब, ते राखायचं कशाला?

लग्नानंतर हे मला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते रेहेकुरीलाच. हे रेल्वेत, दौंड-मनमाड मार्गावर नोकरीला. काळवीट यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. हिवराच्या आडोशाला थांबून, आवाज दाबून हे मला म्हणाले, ‘अगं, तो बघ, तो काळा!’ ज्यांच्यावर मी लहानपणभर गोफण फिरवली, ती जनावरं नवऱ्याच्या नजरेने बघताना मला त्या दिवशी ती पहिल्यांदा देखणी वाटली. त्यानंतर आमची सवयच झाली. पाहुणे आले की सिद्धटेक आणि रेहेकुरी ठरलेलं.

भाचा नैरोबीला नोकरीला लागला आणि ‘मामा-मामी, आता या’ म्हणून मागेच लागला. यांची निवृत्ती झाली होती, गुडघे अजून साथ देत होते. आम्ही ऑगस्टात निघालो.

नैरोबी यांनी आधी रेल्वेच्या अंगाने पाहिली. हे शहर वसलंच मुळी १८९९ मध्ये, मोंबासाहून आत निघालेल्या लोहमार्गाचा तळ म्हणून, आणि तो मार्ग घालायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. तिथल्या रेल्वे संग्रहालयात एक जुना डबा ठेवलेला आहे. १९०० साली किमा स्थानकाजवळ सिंहाने याच डब्यात शिरून एका पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं होतं. हे बराच वेळ त्या डब्याची खिडकी आणि दारं न्याहाळत उभे होते. नंतर म्हणाले, ‘अधिकाऱ्याचं नाव राहिलं. रूळ घालताना सिंहांनी खाल्लेल्या आपल्या माणसांची नावं कोण सांगणार?’ मला ते पटलं. जिराफाला हातावरून चारा दिला, हत्तींची अनाथ पिल्लं बाटलीने दूध पिताना पाहिली. सगळं छान होतं. पण माझं मन अडकलं ते शहराला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात. १९४६ पासूनचं हे उद्यान ११७ चौरस किलोमीटरचं आहे. पुढे झेब्रे चरतात, मागे उंच इमारती दिसतात आणि उद्यानावरून नव्या रेल्वेचा पूल जातो. राजधानीच्या दाराशी एवढा माळ मोकळा ठेवलाय, हेच मला मोठं वाटलं.

मग मासाई मारा. भाच्याने घरी फोटो दाखवले होते, तरी गाडी उतारावरून खाली आली आणि मी गप्प झाले. नजर पोचेल तिथवर गवत, मधूनच एखादी चपट्या माथ्याची बाभूळ आणि आकाश. दुपारी सर आली आणि आमची जीप चिखलात रुतली. ड्रायव्हर उतरला, आम्हीही उतरलो. चप्पल उचलेना, पायाला शेराचं ओझं. यांनी खाली वाकून चिमूटभर चिखल बोटांत मळला आणि माझ्यापुढे धरला. तीच काळी, चिकट, भेगाळणारी माती. आमच्या ज्वारीच्या रानातली म्हणून दिली असती तर मी हसत घेतली असती.

त्या माळावर बारा-तेरा लाख विल्डबीस्ट फिरतात, सेरेंगेटीतून इकडे आणि परत तिकडे. त्यांना नदी ओलांडताना बघायला जगभरातून माणसं येतात, आम्हीही पाहिली. पण माझ्या लक्षात राहिला तो एक पक्षी. गवतातून सावकाश, मान ताठ ठेवून चालणारा, कमरेएवढ्या उंचीचा. हे जवळजवळ ओरडलेच, ‘अगं, माळढोक!’ तो होता कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा नातेवाईक. अण्णांनी माळढोक आमच्याच माळावर पाहिला होता, मी नाही. माळढोक अभयारण्यातल्या नान्नजलाही आता तो दिसला तर बातमी होते. मी डोळे भरून त्या पक्ष्याकडे पाहत राहिले, आणि डोळे खरंच भरून आले.

दुसऱ्या दिवशी एका वारुळावर चित्ता बसलेला दिसला. समोर थॉमसन गझेलचा कळप. चित्ता उतरला, पोट गवताला लावून सरकला, आणि एकदम सुटला. गझेल डावीकडे वळली, उजवीकडे वळली, धुळीतून निसटली. सगळं काही क्षणांत संपलं. तो धापा टाकत बसून राहिला. त्या क्षणी मला आमच्या बांधावरून उधळलेला कळप आठवला आणि त्या धावण्याचा अर्थ लागला. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत धावतो. तेवढं धावायला लावणारं जनावर आज आपल्याकडे कोणतं? लांडगा नव्हे, कुत्रा तर नव्हेच. हा वेग चित्त्याच्या पाठलागातून घडला, असं जाणकार सांगतात. आपला शेवटचा चित्ता १९४७ च्या सुमारास मारला गेला आणि १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कोल्हापूरच्या छत्रपतींनी तर काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणून पाळले होते. २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. आमची हरणं अजून एका नसलेल्या शत्रूपुढे धावताहेत, हे मला माराच्या गवतात कळलं.

माराच्या कडेला मासाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. बऱ्याच मालकांनी त्या एकत्र करून पर्यटनाच्या कंपन्यांना भाड्याने दिल्यात. कुंपण घालायचं नाही, पीक घ्यायचं नाही, गुरं ठरल्याप्रमाणे फिरवून चारायची. बदल्यात ठरलेली रक्कम खात्यात येते. सिंह आले न आले, पाऊस पडला न पडला, पैसे मिळतात. आपल्याकडे शेतकऱ्याला मिळते ती पीक खाल्ल्यानंतरची भरपाई, तीही अर्ज आणि पंचनाम्यानंतर. हरणांसोबत नांदणाऱ्या माणसाला नुकसान होण्याआधीच मोबदला मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. माळ राखणं हेही एक काम आहे, आणि ते आमच्या गावातले शेतकरी आणि मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर पिढ्यानपिढ्या बिनपगारी करत आलेत.

परतल्यावर भावाकडे गेले, फोटो दाखवले. सिंह त्याने भराभर पुढे ढकलले, गवताच्या फोटोवर थांबला. रात्रीच कळप येऊन कडेचे चार वाफे साफ करून गेला होता. मी त्याला मासाईंच्या भाड्याचं सगळं सांगितलं, कुंपणाचं, गुरांचं, खात्यातल्या पैशांचं. त्याने ऐकून घेतलं, वहिनीला चहा टाकायला सांगितलं आणि कोपऱ्यातलं पेन ओढून वर्तमानपत्राच्या कडेवर आकडे मांडायला बसला. ‘ताई, एकरी किती पडतात ते नीट विचार भाच्याला,’ म्हणाला. ‘ज्वारीचं सोडून दे, कडब्याएवढे जरी सुटत असले, तरी खालचं रान मी हरणांना द्यायला तयार आहे.’