आधी विनंतीचं पत्र नीट कर

परभणी,
९ डिसेंबर

चि. सायली,


तुझा आराखडा मिळाला. मोबाइलवर ते तक्ते वाचवेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. खोली शोधायचं ॲप कसं दिसेल त्याची चित्रं गोड आहेत. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, मला त्यातलं कळत नाही. मी अडले ते पुढच्या तक्त्यावर. ‘परभणी जिल्हा, वय १८ ते २३, बारा बेघर तरुण, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं, संपर्क : आत्या.’

बारा कशाला, त्याहून जास्त भेटवीन. पण तू त्यांना शोधणार कुठं? स्टेशनवर आणि एस.टी. स्टँडवर गेलीस तर म्हातारीकोतारी माणसं दिसतील, डोक्यावर परिणाम झालेले दिसतील, उरुसाला आलेले फकीर दिसतील. तुला हवी ती पोरं तिथं नसतात. एक मित्राच्या रूमवर असतो, तिथं आधीच चौघं असतात आणि घरमालकाला तिघंच माहीत असतात. दुसरा खानावळ बंद झाली की तिथलीच बाकडी जोडून झोपतो. तिसरा ज्या दुकानात कामाला आहे तिथंच रात्री राखणदार म्हणून राहतो, मालकाचा पगार वाचतो आणि याचं भाडं. विचारलंस तर सांगतील, ‘मित्राकडं राहायलो सध्या, चालायलंय.’ २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. देशात सतरा लाखांवर आणि महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसं निघाली. त्या रात्री ज्याच्या डोक्यावर कुणाचं तरी छप्पर होतं, तो त्यात आला नाही. तुझी सगळी पोरं नेमकी अशाच छपराखालची.

आता त्यातले प्रकार सांगते, कारण तू सगळ्यांना मुलाखतीची एकच विनंती पाठवणार आहेस आणि ते चालणार नाही.

बालगृहातली मुलं मला सगळ्यात जवळची, उभी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून त्यांच्यातच गेली. अठरा पूर्ण झाले की संस्था सोडायची. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६ म्हणतं की बाहेर पडताना त्याला आर्थिक मदत द्यावी. पुढची सोय म्हणजे अनुरक्षण, ते एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसापर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला चार हजार रुपये धरलेत. तू वयाची मर्यादा तेवीस ठेवलीस ती यावरूनच ना? बरं केलंस. २०१६ च्या आदर्श नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या टिपणात नाही : सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरतं सामूहिक घर. एकट्याला रूम शोधून देण्यापेक्षा ही कल्पना मला कधीही बरी वाटते. संस्थेत वाढलेलं पोर पहिल्या रात्री एकटं झोपूच शकत नाही. वीस जणांच्या श्वासाची सवय असते त्याला.

दुसरी मुलं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागांतून जोड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या उसात कोपी टाकून राहायचं आणि मार्च-एप्रिलला परत यायचं. लहानांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं एक्केचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी वसतिगृहांची योजनाही काढली. पण तुझ्या वयोगटातला, बारावी करून शहरात कॉलेजला आलेला मुलगा? गावात त्याचं घर आहे, कुलूप आहे आणि सहा महिने आत कुणी नाही. हा आठवड्याचा डबा कुठून आणणार? तो स्वतःला बेघर म्हणवून घेणार नाही आणि का म्हणवून घ्यावं? रेशनकार्डावर घर आहे की त्याचं.

मुलींचं मात्र तुझ्या आराखड्यात काहीच नाही. ‘सहा मुलगे, सहा मुली’ एवढं लिहिलंस की झालं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होत्या. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा बावीसच्या आसपास. आपल्याकडं मुलीनं राहायचं कुठं, या प्रश्नाला लग्न हेच उत्तर देऊन ठेवलंय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही जोडीला मिळते. आई-बाप सहा महिने बाहेर राहणार, वयात आलेली पोर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग लग्न. तुझ्या ॲपवर खोली शोधणारी मुलगी म्हणजे हे उत्तर जिनं नाकारलं, किंवा जिला त्यातून बाहेर पडायचंय, ती. तिचा फोन भावाकडं नाही तर सासूकडं असतो. तिला ‘तुम्ही सध्या सुरक्षित निवाऱ्याच्या शोधात आहात का?’ असा मेसेज गेला आणि भलत्यानं वाचला, तर तिला मार बसेल. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरतं राहता येतं, पण पाच दिवसच. सहाव्या दिवशी ती कुठं जाते ते विचार. त्या एका प्रश्नाची उत्तरं गोळा करून आणलीस तरी परभणीला आल्याचं सार्थक होईल.

म्हणून सांगते, प्रश्नावली बाजूला ठेव. आधी विनंतीचं पत्र नीट कर. कुणामार्फत विचारलं यावर काय ऐकू येणार ते ठरतं, हे मी नोकरीभर पाहिलंय. अधीक्षकांमार्फत गेलीस तर पोरगा शर्ट खोचून येईल, ‘संस्थेनं मला खूप दिलं’ म्हणेल, अधीक्षक दारात उभे असतील. खोटं नसतं ते. पण ही मुलं आपली कहाणी बाल कल्याण समितीपुढं, देणगीदारांपुढं, पंधरा ऑगस्टच्या पाहुण्यांपुढं इतक्यांदा सांगून बसलेली असतात की ती आता घडीव झालीय. तू ‘तुझा प्रवास सांग’ म्हटलंस की तीच कॅसेट लागेल. तोच मुलगा त्याच्याआधी संस्था सोडलेल्या दादाबरोबर टपरीवर बसला की काय बोलतो ते वेगळं. तेव्हा विनंती त्या दादाकडून जाऊ दे.

परवानगी नको असं नाही. जो अजून संस्थेत आहे आणि अठराच्या आत आहे, त्याच्यासाठी बाल कल्याण समिती आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांना रीतसर पत्र दे, आवक-जावकचा शिक्का घे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाच : मुलाची ओळख पटेल असं काहीही छापलं, दाखवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदाही अठराखालच्यांसाठी पालकाची संमती मागतो, आणि इथं पालक कोण हाच तर घोळ आहे. माझं ऐकशील तर या वेळी अठराखालच्यांना हातच लावू नकोस. नुकतेच बाहेर पडलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांना सगळं ताजं आठवतं.

पत्रात काय असावं? तू लिहिलंस, ‘आपला मोलाचा वेळ’. किती मोलाचा? दिवसभराचा रोज लिही. जिनिंगमध्ये, कॅटरिंगमध्ये, मोंढ्यात जे मिळतं तेवढं, आणि गोड बोलून भेटवस्तू देऊ नकोस. यांच्याकडं भेटीदाखल मिळालेल्या कंपासपेट्यांचा ढीग असतो. बोलणं मध्येच थांबवलं तरी पैसे पूर्ण मिळतील, हे पहिल्या चार ओळींत हवं. रेकॉर्डिंग नको. आई-वडिलांची चौकशी नको, जात नको, ‘संस्थेत कसे आलात’ तर मुळीच नको. तुला खोली शोधण्याचं ॲप करायचंय, त्याला याची गरजच काय?

आणि घर मिळणार का, हा पहिला प्रश्न ते विचारणार. तुझ्या पत्रात त्यावर एक शब्द नाही. ‘नाही, या बोलण्यातून तुला खोली मिळणार नाही’ असं स्पष्ट छाप. अर्धे जण येणार नाहीत, त्यांना न येऊ दे.

विचारायचं ते मागच्या खेपेचं विचार. शेवटची रूम कशी शोधलीस? कुणाला फोन लावलास? घरमालकानं काय काय विचारलं? मग बघ काय निघतं. आडनाव, गाव, ‘वडील काय करतात’, दोन महिन्यांचं डिपॉझिट, आधारकार्ड. आधारवर संस्थेचा पत्ता दिसला की मालक पुन्हा वर बघतो. ‘गावाकडचं मोठं माणूस घेऊन ये, मग चावी देतो.’ हे मोठं माणूस आणायचं कुठून? कुणी टपरीवाल्याला काका करून नेतं, कुणी कॉलेजच्या शिपायाला. अकरा महिन्यांचा भाडेकरार होतच नाही, तोंडी बोलणं असतं, आणि तोंडी बोलणं मोडायलाही एक वाक्य पुरतं. फोनचंही विचार : रिचार्ज संपतो, सिम बदलतं, एक फोन तिघं वापरतात. ओटीपी नक्की कुणाकडं जातो, हे तुझ्या चित्रं काढणाऱ्या मित्रांना बसून ऐकव.

दुसरी बाजूही विचारायला हवी. सगळे प्रश्न तू घर मागणाऱ्याला ठेवलेस, देणाऱ्याला एकही नाही. विद्यापीठाकडच्या भागात, वसमत रोडला, जिंतूर रोडला वरच्या मजल्यावर पोरं ठेवणाऱ्या बायका आहेत. कृषी विद्यापीठ १९७२ पासूनचं, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, रूमचं भाडं हा कित्येक घरांचा पगार झालाय. त्या बाया दुष्ट नाहीत. त्यांना भीती असते ती पोलिसांची, भाडं बुडण्याची आणि शेजारणीच्या तोंडाची. या तिन्हींची औषधं वेगवेगळी. ती तुझ्या ॲपमध्ये नसतील तर पोरांनी कितीही सुंदर माहिती भरली तरी चावी हलणार नाही.

तू म्हणशील, आत्या जुन्या वळणाची, तिला संशोधन काय कळतं. मग एक जुनंच सांगते. १९८५ साली मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायची वेळ आली होती, सर्वोच्च न्यायालयात ओल्गा टेलिसांचा खटला चालला होता. तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेनं फुटपाथवरच्या माणसांची गणती केली, सहा हजारांच्या आसपास कुटुंबं मोजली, आणि त्या कामात फुटपाथवरच्या बायकाच पुढं होत्या. पुढं महिला मिलन या संघटनेतल्या त्याच बायकांनी घर कसं हवं ते ठरवलं. खोलीची उंची साडी धरून मोजली आणि पोटमाळा बसेल अशी चौदा फूट मागितली. वास्तुविशारदाला ते सुचलं नसतं. १९९६ ची चाइल्डलाइन, ती १०९८ ची, टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरियांनी सुरू केली तीही रस्त्यावरच्या मुलांच्या अपरात्रीच्या फोनांतून उभी राहिली. तेव्हा तुझ्याकडच्या तिघांनी येऊन बारा जणांना प्रश्न विचारण्यापेक्षा, संस्था सोडून चार-पाच वर्षं झालेले इथले दोघं निवड, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना आठवडाभर शिकव, पगार दे आणि विचारायचं काम त्यांच्यावर सोड. तू मागे बसून चहा पी. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे मला.

तारखांचं : तू फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरलास. त्यात तुराबुल हक साहेबांचा उरूस असतो, लॉज मिळणार नाही, आणि तुला हवी ती निम्मी पोरं तिथल्या पाळण्यांवर, हॉटेलांत कामाला लागलेली असतात. दिवसाकाठी बरा पैसा मिळायला लागला की तुझ्याशी कोण बोलेल? त्याच्या पाठोपाठ बारावीची परीक्षा. मग ऊसतोडीवाले परतेपर्यंत थांब, एप्रिलमध्ये ये. ऊन सोसायची तयारी ठेव. गोळा झालेलं पुन्हा त्याच मुलांपुढं वाचून दाखवायला जूनमध्ये आणखी एक खेप लागेल, तिचं भाडं बजेटमध्ये आत्ताच घाल. नंतर कुणी देत नाही.

पत्राचा नवा मसुदा मराठीत करून पाठव, इंग्रजीतून उतरवलेला नको. मी तो आधी त्या खानावळीतल्या पोराला वाचायला देते. घरमालकिणींपैकी तिघींशी माझं बोलणं झालंय. दोघी बोलायला तयार आहेत. तिसरीनं विचारलंय की पोरगा चार महिने राहून भाडं न देता गेला तर ते ॲपवाले भरणार का. मी तिला एप्रिलपर्यंत उत्तर देते म्हटलंय, तुझ्या साहेबांना विचारून कळव.

आईला नमस्कार सांग. तिळगुळाच्या वड्या पाठवते, डबा परत आण.

तुझी,
आत्या