लैन आली का?

जिंतूर-सेलूकडच्या एखाद्या खेड्यात तिन्हीसांजेला कुणी 'लाईन गेली' म्हणून ओरडलं, की घरोघर चिमण्या-टॉर्च शोधायला सुरुवात होते. लाईन म्हणजे वीज. जुन्या माणसांच्या तोंडी तिची 'लैन' होते. खांबावर चढणारा तो लाईनमन. विहिरीपासून शेतापर्यंत नळ्या पुरल्या की पाण्याची लाईन झाली. रेशन दुकानापुढं लाईन लागते, ती निराळी. निजामाच्या राज्यात 1900च्या सुमाराला मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादकडं मीटरगेज टाकली गेली, तीही लाईन. पुढं ती टप्प्याटप्प्यानं रुंद झाली. आणि पोरगं बारावी झालं की पाहुणे विचारतात, "आता कोणत्या लाईनला घालणार?"

एवढी कामं करणारा हा शब्द लंडनमध्ये आल्यावर मला पुन्हा नव्यानं भेटला. इथं रांगेला लाईन म्हणत नाहीत, 'क्यू' म्हणतात. भुयारी रेल्वे 1863 साली सुरू झाली, तिचे मार्ग मात्र सगळे लाईनच: सेंट्रल, जुबिली, पिकॅडिली. ऑफिसात ज्याला कामाचा हिशेब द्यायचा तो लाईन मॅनेजर. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा मायनं लगेच विचारलं, "तिथं बी लैन जाती का रे?" तिच्या अर्थानं प्रश्न अगदी रास्त होता.

उच्चारांचं तर विचारूच नका. जुन्या पूर्व लंडनच्या वस्तीत वाढलेला माणूस 'लॉइन' असं काहीतरी म्हणतो. स्कॉटलंडचा 'लेइन'च्या जवळ जातो, तोही तोडून, आखूड. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा माणूस शेवटची 'इ' जवळजवळ गिळून 'लाऽन' म्हणतो. एकाच ऑफिसात, एकाच बैठकीत हे उच्चार कानावर पडतात आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही. माझी मुलगी मात्र फोनवर आजीला थांबवते. "आजी, लैन नाही गं, लाइन!" आणि आजी बिचारी पुढच्या वाक्यात तो शब्दच टाळते. हे मला सहन होत नाही. एवढ्याशा दुरुस्तीनं माणूस बोलायचा थांबतो.

म्हणून मी मुलीला या शब्दाचा प्रवास सांगितला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी, इंग्रजी कवी चॉसरच्या काळात, लंडनचे लोक याला 'लीन'सारखं म्हणत. पुढं दोन-तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सगळेच सरकले. भाषेचे अभ्यासक सांगतात की शेक्सपिअरच्या काळात हा स्वर 'अइ'सारखा होता, म्हणजे लइन. आपल्या लिपीत तो 'ऐ'नं लिहिता येतो. लैन! आजच्या लंडनपेक्षा माझ्या मायचा उच्चार शेक्सपिअरच्या लंडनला जवळचा आहे. मायला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तिच्या कानाला आणि जिभेला सोपं पडलं ते तिनं घेतलं.

त्याच्याही मागं गेलं, की आपल्या रब्बीच्या शेतात येऊन पोचतो. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडापासून निघणारा धागा म्हणजे 'लिनेआ', आणि तो ताणून धरला की सरळ रेघ. तिथून लाईन. आपलं 'सूत' याच वाटेनं चाललंय: गवंडी भिंतीला सूत लावतो आणि 'भिंत सुतात आहे' म्हणतो. लिनन कापड, ब्लाऊजच्या अस्तराचं 'लायनिंग', सुतारकामातलं लिनसीड तेल, सगळी याच झाडाची लेकरं. युरोपनं जवस धाग्यासाठी पेरला, आपण बियांसाठी. भाकरीबरोबर जवसाची चटणी खात मोठी झालेली माणसं या शब्दाला परकी कशी? 2024च्या नोव्हेंबरात लंडनच्या ओव्हरग्राउंड रेल्वेच्या मार्गांना नवी नावं मिळाली, त्यात एक 'वीव्हर' म्हणजे विणकर लाईन आहे. जिथून ती निघते, त्या लिव्हरपूल स्ट्रीट-स्पिटलफील्ड्सच्या भागात विणकर राहत होते. धाग्यापासून निघालेला शब्द पुन्हा विणकरांपाशी आला, याचा मला खरोखर आनंद झाला.

मुलगी आता आजीशी बोलताना 'लैन' म्हणते. इतर वेळी शाळेतल्यासारखं बोलते. दोन्ही तिचेच.

गावाकडं मात्र या शब्दाचा सगळ्यात जड अर्थ अजून तसाच आहे. आमच्याकडं शेतीच्या पंपांना आठवड्याच्या पाळीनं वीज मिळते. दिवसाची लैन आणि रात्रीची लैन. रात्रीची असली की दादा मध्यरात्री उठून ज्वारीला, गव्हाला पाणी द्यायला जातो. थंडी, विंचूकाटा, ओल्या बांधावरचा अंधार. सरकारी कागदात याच लाईनला 'वाहिनी' म्हणतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला, आणि दिवसा वीज देणं हेच तिचं उद्दिष्ट आहे. सौरऊर्जेची ही वाहिनी आमच्या शिवारापर्यंत लवकर यावी, एवढं मला हवंय. तोवर फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या आठवड्यात लैन दिवसाची आहे का रात्रीची?