सोळा की आठ

आज लॅमिंग्टन रोडवरच्या तीन दुकानांतले भाव वहीत टिपून परतलो, तरी मनाचा निवाडा होईना. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप माझ्या ऐपतीत बसतो. परंतु ज्या यंत्रात रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यात पुढे भर घालता येत नाही, आणि म्हणून आजची काटकसर चार वर्षांनी सबंध यंत्राची किंमत वसूल करील, ही धास्ती मला रास्त वाटते. ५१२ जीबीच्या एसएसडीविषयी मी निर्धास्त आहे. ती बहुधा बदलता येते. पडद्याच्या झळाळीचा मोह सोडला. कळफलकावर मात्र पानभर मजकूर उमटवून पाहिला, आणि बोटाखाली हलकेच दबून निःशब्दपणे वर येणाऱ्या त्या कळांत मन गुंतले. १८ टक्के जीएसटी धरून १६ जीबीचीच रक्कम उद्या बँकेतून काढीन.