कर्जतहून आल्यावर दहाव्या दिवशी आलेला ताप



नवरात्र संपलं की माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, दोन दिवस कर्जतला जाऊन आलो तर चालेल ना?" अगदी चालेल. मी स्वतः जातो. गोळ्या बरोबर न्या, एवढंच सांगतो. पण गेली काही वर्षं मी त्यात आणखी एक वाक्य घालतो. "आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला, तर ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना कर्जतला गेलो होतो हे आधी सांगा." लोक हसतात. एका काकूंनी विचारलं, "कर्जत काय आफ्रिकेत आहे का?" नाही. डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि म्हणूनच ते कोणी सांगत नाही. परदेशी जाऊन आलेला माणूस डॉक्टरांना ते आवर्जून सांगतो, कर्जतला जाऊन आलेल्याला तो प्रवास वाटतच नाही.

हे वाक्य मला २०१९ च्या दिवाळीने शिकवलं.

त्या वर्षी कोजागिरी रविवारी होती, १३ ऑक्टोबरला. माझी ताई आणि भावोजी ठाण्याचे, आम्ही दोघं आणि आमच्या सोसायटीतली दोन जोडपी, असे आठ जण शनिवारी कर्जत लोकलने निघालो. त्याच वर्षी २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते सगळ्यांच्या मनात ताजं होतं. वांगणी येईपर्यंत प्रत्येक जण खिडकीतून उल्हास शोधत होता. ती मात्र शहाण्यासारखी आपल्या पात्रात गेली होती, आणि दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. नेरळला माथेरानचा डोंगर डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला यावरून भावोजींचा आणि माझा दरवर्षीप्रमाणे वाद झाला. कर्जतला उतरून वडापाव खाल्ला (मधुमेह असलेल्या भावोजींनी दोन खाल्ले, मी पाहिलं नाही असं ठरवलं) आणि चौकच्या दिशेने खालापूर तालुक्यातल्या एका रिसॉर्टवर गेलो. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हती.

शरदातला हा भाग ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. पाऊस थांबल्यामुळे हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, समोर इर्शाळगडाचं नेढं आणि मागे प्रबळगडाची भिंत अगदी हाताशी आल्यासारखी दिसते. ओढा अडवून केलेलं तळं काठोकाठ भरलेलं होतं. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, पण पाच वाजले की तळ्यावरून गार वारा सुटतो. तळ्याच्या पलीकडे भाताची खाचरं होती. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली 'कर्जत' नावाची वाणं ठिकठिकाणी लावतात, ती खुद्द कर्जतच्या मातीत डोलताना पाहायला मला विशेष गंमत वाटते. खाचरांच्या बांधावर आणि तळ्याकाठी कमरेएवढं गवत होतं. थोडं कापून त्याच्या पेंढ्या वाळत घातल्या होत्या.

रविवारी जेवण झाल्यावर भावोजी त्या गवतात आडवे झाले. त्यांचं बालपण रोह्याजवळच्या खेड्यात गेलेलं. शर्ट काढून, त्याची उशी करून, नुसत्या बनियनवर. रिसॉर्टचा माळी, जवळच्या ठाकरवाडीतला तरुण मुलगा, दुरून म्हणाला, "काका, तिथं नका झोपू, किडं चावतात. खुर्ची देतो." भावोजी म्हणाले, "अरे, मी गवतातच वाढलोय." तासभर घोरत पडले. मी शेजारी खुर्चीवर पेपर वाचत होतो. एम.डी. मेडिसिन झालेला, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस तिथे बसला होता, आणि शहाणपणाचं बोलला तो माळी.

रात्री तळ्यात चंद्र उतरला, केशर-वेलदोड्याचं दूध झालं, गाणी झाली. सोमवारी सकाळी महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेतलं. तोही तळ्याकाठचाच गणपती, मूर्ती तळ्यात सापडली अशी तिथली कथा. दुपारपर्यंत घरी.

२३ तारखेला भावोजींचा फोन आला. अंग मोडून आलंय, डोकं प्रचंड दुखतंय, ताप १०२. ऑक्टोबर म्हणजे डेंगीचा महिना. दवाखान्यात रोज पाच-सहा डेंगीचे पेशंट होते. जुने वैद्य शरद ऋतूला गमतीने आपली आई म्हणायचे, कारण तीच त्यांना पोसते. ते आम्हा ॲलोपॅथीवाल्यांनाही लागू आहे. मी फोनवरच पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलं, रक्त तपासायला लावलं. प्लेटलेट्स एक लाख पाच हजार. डेंगीची एनएस-१ निगेटिव्ह. मलेरिया निगेटिव्ह. लिव्हरचे एन्झाइम्स थोडे वाढलेले. मी म्हटलं, डेंगीसारखाच काहीतरी व्हायरल आहे, एनएस-१ कधी कधी चुकते. ताई रोज विचारायची, "अरे, येऊन बघतोस का एकदा?" धनत्रयोदशी आली, लक्ष्मीपूजन आलं, दवाखान्यात गर्दी, घरी पाहुणे. मी रोज व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाहत होतो आणि माणूस पाहत नव्हतो.

२९ तारखेला भाऊबीजेला मी ठाण्याला गेलो. तापाचा सातवा दिवस. ताईने पाट मांडला होता. मी आत भावोजींना भेटायला गेलो आणि दारातच थबकलो. ते मिनिटाला तीस वेळा श्वास घेत होते. डोळे लाल. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९१. घामाने भिजलेलं बनियन बदलायला मी त्यांचा हात वर केला, आणि उजव्या काखेत, मागच्या बाजूला, एक काळी खपली दिसली. डाळीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, सिगारेटचा चटका दिल्यासारखी, भोवती लालसर कडं.

"हे कधीपासून आहे?"

"काय आहे? दुखत नाही की खाजत नाही. मला दिसतंय कुठे ते."

ती खपली न दुखणारी, न खाजणारी आणि स्वतःला न दिसणारी असते. पुस्तकात मी तिचा फोटो शंभर वेळा पाहिला होता. वैद्यकीय भाषेत तिला एस्कार म्हणतात आणि तापाच्या पेशंटमध्ये ती दिसली की मनात पहिलं नाव यायला हवं ते स्क्रब टायफसचं.

हा आजार समजून घ्यायला गवतात वाकून बघावं लागतं, तरी दिसणार नाही. गोचीड आपल्याला माहीत असते. तिचा एक अतिसूक्ष्म नातलग आहे, माइट. त्याचं पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं, त्याला चिगर म्हणतात. मोठा माइट माणसाला चावत नाही, फक्त पिल्लू चावतं, तेही बहुधा आयुष्यात एकदाच. त्याला खरं तर हवा असतो उंदीर. म्हणूनच भात पिकतं, उंदीर वाढतात, पावसाळ्यानंतरचं गवत उंच आणि ओलसर असतं, त्या दिवसांत या आजाराची चलती असते. आपण मध्येच त्या गवतात जाऊन लोळलो तर उंदराऐवजी आपण. पिल्लू अंगावर चढतं आणि कपडा घट्ट बसतो तिथे किंवा कातडीच्या घडीत जाऊन थांबतं. काख, जांघ, कमरेचं इलॅस्टिक, स्तनाखाली, गुडघ्यामागे. चावताना कळत नाही. त्याच्या लाळेतून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू आत जातो. नाव जपानी आहे, कारण तिथल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा ताप फार पूर्वीपासून ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर यानेच सैनिकांना बेजार केलं. आपल्याकडे २०१८ मध्ये विदर्भात याची साथ आली तेव्हा वर्तमानपत्रांत नाव झळकलं, मग विसरलं गेलं. मीही विसरलो.

चावल्यापासून ताप यायला सहा ते एकवीस दिवस लागतात, बहुतेकांना दहा-बारा. तोवर सहलीचे फोटोसुद्धा पाहून संपलेले असतात. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे, कोरडा खोकला, प्लेटलेट्स कमी, म्हणजे हुबेहूब डेंगी. याच्या अँटिबॉडीची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा नुसत्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही. शिवाय खपली प्रत्येकात सापडतेच असं नाही, नसली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. मात्र डेंगीत आणि यात एक मोठा फरक आहे. डेंगीला औषध नाही, सांभाळावं लागतं. याला औषध आहे. डॉक्सीसायक्लिन. जुनं, स्वस्त, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं. वेळेवर सुरू केलं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहिलं तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यांवर येऊ शकतं, आणि मग जीव जातो. अशा गंभीर पेशंटना दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यास अधिक फायदा होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातच झालेल्या अभ्यासात २०२३ मध्ये दिसून आलं. पण २०१९ मध्ये ताईच्या घरात माझ्याकडे हे काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून कॅप्सूल आणवली, पहिली दिली आणि रुग्णवाहिका बोलावली.

पाट तसाच राहिला. ताईने निरांजन विझवलं आणि एका पिशवीत टॉवेल, चष्मा, मेडिक्लेमची फाइल भरायला लागली. तिने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

भावोजी पाच दिवस आयसीयूत होते. व्हेंटिलेटर लागला नाही, जेमतेम. साखर तीनशेच्या वर गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि त्यांनी नर्सकडे चहा मागितला. पुढे तपासणीही पॉझिटिव्ह आली. सातव्या दिवशी घरी आले. भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत चालते असं ताई म्हणाली आणि तिने मला तेव्हा ओवाळलं.

मग आता जायचं नाही का? जायचं. मी त्या तळ्याला घाबरून घरी बसलेलो नाही. फक्त उंच गवतात बसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. कपडे गवतावर किंवा झुडपावर वाळत घालायचे नाहीत. बांधावरून फिरताना पूर्ण पॅण्ट, मोजे, बूट. डीईईटी असलेलं मलम मिळतं, ते मोज्यांच्या वर लावायचं. फिरून आलं की साबण लावून, अंग घासून आंघोळ आणि कपडे थेट धुवायला. पायाला चीर असेल तर तळ्यात किंवा खाचराच्या चिखलात उतरू नका, कारण उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा या सगळ्या पट्ट्याचा जुना रहिवासी आहे. तोही पाच ते चौदा दिवसांनी ताप देतो, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, तेही सापासाठी. आणि ताप आला तर घरच्या कोणाला तरी काख, जांघ, पाठ बघायला सांगा. लाजू नका. डॉक्सीसायक्लिन मात्र मनाने घेऊ नका. ताप चौथ्या दिवशीही असेल, तर फोनवर नाही, समोर जाऊन दाखवा. डॉक्टर घरचाच असला तर जास्तच आग्रह धरा.

एक गोष्ट अजून टोचते. भावोजी तासभर त्या गवतात होते. ठाकरवाडीतला तो मुलगा ते गवत महिनाभर कापतो, त्याच्या घरच्या बायका भात कापतात. त्यांना ताप आला तर भाऊबीजेला कोण येऊन हात वर करून बघतं? पुढच्या वर्षी गेलो तेव्हा मी त्याला काळ्या खपलीचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि सांगितलं, ताप आणि असं काही दिसलं तर सरकारी दवाखान्यात जाऊन हे नाव सांग. त्याने नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "काकांना मी सांगितलं होतं."

भावोजी अजूनही दर कोजागिरीला येतात. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन येतात आणि तळ्याकाठी मांडतात, पाय मात्र वर घेऊन बसतात. परत आल्यावर दहाव्या दिवशी त्यांचा फोन येतो. "डॉक्टर, ९८.४." एवढंच बोलून ठेवतात.