ओसरीवरचं ग्रंथालय

मिहानमधल्या आपल्या होस्टेलपासून महाबळेश्वरचे डोंगर खूप लांब. पण तिथल्या एका छोट्याशा गावाचं मला भारी अप्रूप वाटतं. पाचगणीजवळचं भिलार! स्ट्रॉबेरी पिकवणारं हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून सुचलेली. पण तिथं पुस्तकं विकतात, इथं ती नुसती वाचायची, तीही फुकट! सरकारनं पुस्तकं दिली, चित्रकारांनी भिंती रंगवल्या. आणि गावकऱ्यांनी? राहत्या घरातली जागा दिली! सुरुवातीला २५ ठिकाणं, सुमारे १५ हजार पुस्तकं. कुणाकडे कविता, कुणाकडे इतिहास. स्वतः एक ओळ न लिहिताही साहित्याला घर देता येतं, ते असं.

आणि आपल्याकडे? प्लेसमेंट झाली की फायनलवाल्यांच्या कादंबऱ्या सरळ रद्दीत! म्हणून म्हटलं, एकेका रूमनं एकेक विषय सांभाळायचा. रूममेट म्हणाला, "अबे, कोणी पुस्तक पळवून नेलं तं?" नेऊ दे की! पळवावंसं वाटणारं पुस्तक आपल्या कॉरिडॉरमध्ये असणं हेच केवढं मोठं! आमच्या रूमनं कथा घेतल्यात. बाकी विषय अजून रिकामे आहेत. बोला, कोण काय घेतंय?